‘विंचू’चा सोलो

ताई — नाही.

छोटू — अगं, मी अजून विचारलंही नाही.

ताई — तू फाटक उघडलंस तेव्हाच मला कळलं. हातात बिस्किटांचा पुडा, केस नीट विंचरलेले, आणि चेहरा पहिल्यांदाच कवळी घातलेल्या माणसासारखा. हसायचंय, पण पडेल की काय ही भीती. बस त्या स्टुलावर. त्यावर नको, तिथे कोणाचा तरी जबडा वाळतोय.

छोटू — वरचा की खालचा?

ताई — खालचा. हात लावू नकोस, प्लास्टर ओलं आहे. बोल आता. शाळा सोडून भर दुपारी बहिणीच्या कवळ्यांच्या कारखान्यात आलायस, म्हणजे उपमुख्याध्यापकांवर काहीतरी मोठं कोसळलंय.

छोटू — आमच्या बॅचचं संमेलन आहे. तीन आठवड्यांनी. कॉलेजच्या त्याच हॉलमध्ये. अडतीस वर्षं झाली म्हणून.

ताई — अडतीस हा काय आकडा झाला? चाळीसपर्यंत थांबायचं होतंत.

छोटू — चाळीसपर्यंत कोण कोण उरेल सांगता येत नाही, असं ढोल्याचं म्हणणं पडलं.

ताई — ढोल्या अजून ड्रम वाजवतो?

छोटू — गॅरेजमध्ये. बायकोने घराबाहेर काढलंय. आधी ड्रमना, मग त्यालाही. त्याच्याच डोक्यातलं खूळ आहे सगळं. ‘विंचू’ पुन्हा एकदा स्टेजवर.

ताई — ‘विंचू’. काय पण नाव. स्कॉर्पियन्स नावाचा बँड जगात आधीच आहे हे तुम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

छोटू — ठाऊक होतं. म्हणून तर भाषांतर केलं. ते जाऊ दे. त्यांना तो गिटारचा सोलो हवाय.

ताई — मग वाजव की.

छोटू — ताई.

ताई — ताई काय? सोलो तुझा. ट्रॉफी तुझ्या दिवाणखान्यात, ट्रॉफीवर नाव तुझं. तुझी बायको त्या सोलोवर भाळली आणि तुझ्या गळ्यात पडली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती ते सांगते. मी तुमच्याकडे जेवायला यायचं का टाळते असं वाटलं तुला? तिच्या स्वयंपाकामुळे?

छोटू — थोडंसं तसं वाटलं होतं.

ताई — स्वयंपाक बरा करते ती. पण ‘त्या दिवशी ह्यांनी डोळे मिटले आणि गिटार नुसती रडली’ हे ऐकत मला जेवता येत नाही. कारण गिटार रडत होती ती पडद्यामागे, माझ्या मांडीवर. तुझ्या हातातल्या उसन्या गिटारची, ॲम्पला जोडायची वायर कुठे होती, आठवतंय ना?

छोटू — आठवतंय.

ताई — कुठे होती?

छोटू — मागच्या खिशात.

ताई — मागच्या खिशात. रुमालाशेजारी.

छोटू — म्हणूनच तर आलोय. हॉल तोच आहे. पडदा बदललाय, पण जागा तेवढीच आहे. डावीकडे, ॲम्पच्या मागे, स्टूल ठेवता येईल. मी परवा जाऊन बघून आलो.

ताई — बघून आलास.

छोटू — मापही घेतलं.

ताई — मी साठीला टेकलेय छोटू. मांडी घालून बसले तर उठायला दोन माणसं लागतात. आणि तुला मी पुन्हा पडद्यामागे लपून वाजवायला हवीय.

छोटू — पाचच मिनिटं. बाकीचं गाणं मी सांभाळतो. मला चार कॉर्ड येतात.

ताई — साडेतीन. एफ तुला कधीच धरता आला नाही. पहिलं बोट आडवं दाबायचं तर तू असं दाबायचास, जसं झुरळ दिसलंय आणि मारवत नाही.

छोटू — मी संगीत समजणारा माणूस आहे. वाजवणारा नाही. दोन्ही एकच असायला हवं असं थोडंच आहे?

ताई — काय समजतोस तू? पिंक फ्लॉइड?

छोटू — हो, पिंक फ्लॉइड. तिथे नुसती बोटांची धावपळ नसते. जागा असते. हवा असते. एक विचार असतो.

ताई — कॉलेजात असताना मी एकदा तुझ्या फ्लॉइडची कॅसेट लावून आडवी झाले. झोप लागली. उठले, चहा केला, प्यायले, तरी अजून तेच गाणं चाललेलं. गाणं कसलं, कोणीतरी सरकारी कार्यालयात आपला नंबर यायची वाट बघतंय असं वाटत होतं. त्यापेक्षा माझे डीप पर्पल बरे. आले, दार लाथेने उघडलं, काय तोडफोड करायची ती केली आणि गेले.

छोटू — तुला आरडाओरडाच आवडायचा. डीप पर्पल, ब्लॅक सबाथ, एसी/डीसी. घरात मुलगी कोण आणि मुलगा कोण, शेजाऱ्यांना कळायचं नाही.

ताई — शेजाऱ्यांना कळत होतं. बाबांना कळत नव्हतं. ते म्हणायचे, पोरगा हुशार आहे, काय सुरेख वाजवतो. मी आतल्या खोलीत वाजवायचे आणि तू बाहेर ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेला असायचास, तरी वाजवणारा तू.

छोटू — ते मी कधी म्हणालो नव्हतो.

ताई — नाही म्हणालास. तू कधीच काही म्हणत नाहीस. हीच तर तुझी कला. सरक जरा, मोटर चालू करते. चारला डॉक्टरांचा माणूस येईल कवळी न्यायला, अजून पॉलिश व्हायचीय.

छोटू — ढोल्याला खरंच काही कळलं नव्हतं ग त्या दिवशी?

ताई — कळणार कसं? त्याने रुबाब म्हणून चष्मा काढून ठेवला होता. त्याला समोरचा ड्रम दिसत नव्हता, मी कुठून दिसणार? आणि बेसवाला सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. चौथ्याला मी दिसले होते बहुतेक. पण मी पडदा ओढायच्या कामावर होते ना, त्याला वाटलं असेल ही इथेच बसते.

छोटू — ताई, मोटर बंद कर ना. एक गोष्ट सांगायची राहिलीय.

ताई — मोटर चालू असताना सांग. ऐकू येतं मला.

छोटू — स्पर्धेची बक्षिसं झाल्यावर मी हातपाय धुवायला मागे गेलो होतो. तिथे तो परीक्षक आला.

ताई — तो मिशीवाला? भर उन्हाळ्यात कोट घातलेला?

छोटू — तोच. त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी मला गिटार वाजवणारा लागतो. सुट्टीत ये, दोन महिने माझ्याकडे राहा, मी तयार करतो तुला. पत्ता दिला. सिगारेटच्या पाकिटावर लिहून.

ताई — मग?

छोटू — मी म्हटलं, माझी परीक्षा आहे.

ताई — परीक्षा झालेली होती तुझी.

छोटू — हो. त्याने नंतर कॉलेजच्या पत्त्यावर पत्रंही पाठवली. दोन.

ताई — दोन.

छोटू — दुसऱ्या पत्रात त्या मधल्या थांब्याबद्दल लिहिलं होतं. सोलो ऐन रंगात असताना तू दोन ठोके गप्प झाली होतीस ना, ते. त्याने लिहिलं होतं, या वयात थांबायचं कळणारा वाजवणारा मी पाहिला नाही. ...मोटर का बंद केलीस?

ताई — तूच म्हणालास ना बंद कर.

छोटू — काहीतरी बोल.

ताई — त्या सुट्टीत मी काय करत होते माहीत आहे तुला? मामांच्या ओळखीने या इथेच प्लास्टर कालवायला शिकत होते. पहिले दोन महिने नुसतं प्लास्टर. गुठळी राहिली तर मालक पातेलं उलटं करायचा. घरी आले की हात असे फुटलेले असायचे, आणि घरी गिटार नव्हती. बाबा म्हणाले होते, बक्षीस त्याला मिळालंय, आता नोकरीला निघालाय, गिटार त्याच्याबरोबर जाऊ दे. तू तेव्हा टेबलाशी बसला होतास. तुझ्या हातात पाण्याचा पेला होता. एवढंच म्हणायचं होतंस, की बाबा, ती ताईची आहे.

छोटू — हो.

ताई — कुठे आहे ती?

छोटू — गिटार? पहिल्या नोकरीच्या खोलीत राहिली. भिंतीला टेकवलेली होती, उन्हाने मान वाकली. खोली सोडताना मालकाला म्हटलं, असू दे.

ताई — असू दे.

छोटू — तुला वाटतं मला काही वाटलं नाही. मला रोज वाटायचं.

ताई — रोज वाटून काय उपयोग, एक दिवस सांगायचं होतंस. आणि आज का सांगितलंस?

छोटू — तू नाही म्हणालीस म्हणून. हो म्हणाली असतीस तर सांगितलंच नसतं.

ताई — हे मात्र खरं बोललास. आयुष्यात पहिल्यांदा असेल. ...दारात कोण आहे?

भाची — मी आहे, आत्या. माझी दातांची जाळी न्यायला आले होते.

छोटू — तू कधी आलीस?

भाची — दोन पत्रांच्या आसपास.

ताई — आत ये. पाठीवरची गिटार जपून ठेव, त्या कोपऱ्यात मेण सांडलंय. जाळी तयार आहे. रात्री घालून झोपायची, उशीखाली ठेवून नाही. मागच्या वेळी कुत्र्याने खाल्ली.

भाची — आत्या, तो सोलो तू वाजवलायस?

ताई — तुझ्या बापाला विचार.

छोटू — हो. तिने वाजवलाय. बसवलाही तिनेच.

भाची — बाबा, मी त्या दिवसाच्या रेकॉर्डिंगची कॅसेट घासून घासून ऐकलीय. मी गिटार त्या कॅसेटमुळे धरली. बाकीच्या पोरी क्वीन आणि झेपलिनमागे लागलेल्या, आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचे, आमच्या घरातच एक गिटारवाला आहे, आता सांधे धरलेत म्हणून वाजवत नाही. तूच म्हणालास, सांधे धरलेत.

छोटू — सांधे खरंच धरलेत. पण ते नंतर.

भाची — मला बाराव्या वर्षी शंका आली होती. मी विचारलं, एफ कसा धरायचा, तर तू म्हणालास, एफ मनात धरायचा असतो.

ताई — असं म्हणालास तू पोरीला?

छोटू — मी फ्लॉइडच्या संदर्भात म्हणालो होतो.

भाची — आणि आत्या, तो मधला थांबा. मी त्याच्यावर तीन महिने घालवलेत. सगळं जमतं, तो जमत नाही. दोन ठोके गप्प, आणि मग पुन्हा उचलताना सूर किंचित थरथरतो. मी बाबाला विचारलं, तिथे तुझ्या मनात काय चाललं होतं? हा म्हणाला, विरह.

ताई — विरह. मी हसत होते ग.

भाची — काय?

ताई — हसत होते. पडद्याच्या फटीतून मला हा दिसत होता. सूर वर वर चाललेत आणि याची बोटं खाली खाली. डोळे गच्च मिटलेले. तोंड असं वाकडं, जणू मूतखडा पडतोय. मला आवरेना. हात सुटले. दोन ठोके तोंडात ओढणी कोंबून बसले आणि मग कसंबसं पुन्हा धरलं. थरथरणार नाही तर काय होणार?

छोटू — हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

ताई — आपण दोघांनीही एकमेकांना बरंच काही सांगितलेलं नाही.

भाची — तीन महिने, आत्या. हसण्याची प्रॅक्टिस केली मी.

ताई — आण इकडे ती गिटार. हात पुसते थांब. बापरे, काय हलकी आहे. आमची धोंडा होता धोंडा. ...कशी सुरात लावलीयस ही?

भाची — नेहमीसारखीच. तू तारांखालची पट्टी चुकतेयस. एक खाली.

ताई — खाली. हं. हे असं होतं. मग इथून... नाही. थांबा. इथून...

छोटू — वा.

ताई — वा नको म्हणूस. काही वा नाही. अंगठा लागतोय मध्ये. पस्तीस वर्षं कवळ्या घासून तो असा झालाय, बघ, मागे वळतच नाही. वेगाचा तो भाग मला येणार नाही. अर्ध्या वेगाने येईल फार तर.

भाची — मग मी वाजवते ना संमेलनात. मला पूर्ण येतो. थांबा सोडून.

ताई — तू तुझं काहीतरी बसव आणि ते वाजव. हे माझं आहे. बरं का छोटू, मी वाजवीन.

छोटू — खरंच? मग स्टूल मी घरूनच...

ताई — पडद्याच्या पुढे. उजेडात. अर्ध्या वेगाने वाजवीन, चुकत वाजवीन, पण तिथे उभी राहून वाजवीन. आणि त्याआधी तू माइकवर जाऊन सांगायचंस, तेव्हा कोणी वाजवला होता ते.

छोटू — सगळं?

ताई — खिशातल्या वायरीसकट.

छोटू — ताई, तिथे दीडशे माणसं असतील. माझे तीन जुने विद्यार्थी आज तिथे प्राध्यापक आहेत.

ताई — मग त्यांनाही शिकायला मिळेल. आणि बायकोला त्या दिवशी हॉलमध्ये कळायला नको. तिला आत्ता सांग.

छोटू — आत्ता? संध्याकाळी घरी गेल्यावर निवांत...

भाची — बाबा, तू निवांत काही सांगत नाहीस. फोन घे.

छोटू — हॅलो. मी बोलतोय. ताईकडे आहे. नाही, बरी आहे ती. ऐक ना, तो सोलो आहे ना... हो, तोच. तो मी वाजवला नव्हता. ...ताईने. ...पडद्यामागून. ...खिशात होती. वायर. ...नाही, माझ्याच खिशात. ...हो. ...हो. ...बरं. आणतो.

ताई — काय म्हणाली?

छोटू — म्हणाली, येताना ब्रेड आण.

भाची — बाबा, हे काही चांगलं नाही.

छोटू — का? शांत होती की.

भाची — ब्रेड घरात आहे. मी सकाळीच आणलाय.

(तीन आठवड्यांनंतर, संमेलन संपल्यावर. टळटळीत दुपार. भाची गाडी चालवते आहे, ताई तिच्या शेजारी, छोटू मागे गिटारजवळ.)

छोटू — मी सांगितलं. तुम्ही दोघी साक्षीदार आहात. एक शब्द गाळला नाही.

ताई — नाही गाळलास.

छोटू — माइक दोन्ही हातांनी धरला. आणि म्हटलं, मित्रांनो, अडतीस वर्षांपूर्वी या स्टेजवर मी तुम्हाला फसवलं.

भाची — आणि सगळे हसले.

छोटू — का हसले? मी विनोद करत नव्हतो.

भाची — तुझा आवाजच तसा होता, बाबा. तू म्हणालास, मला गिटार येत नाही, तर मागून कोणीतरी ओरडलं, अजूनही विनय गेला नाही साहेबांचा. आणि वायर मागच्या खिशात होती म्हणालास तेव्हा माझ्या शेजारचे काका हसून हसून खोकायला लागले. त्यांना पाणी द्यावं लागलं.

ताई — मी विंगेत उभी. गिटार गळ्यात. मला वाटलं, आता हॉलमध्ये स्मशानशांतता पसरणार, आणि तिथे टाळ्या.

छोटू — मी परत सांगितलं. म्हटलं, मी गंभीरपणे बोलतोय.

भाची — त्यावर तर सगळ्यात मोठा हशा झाला.

ताई — आणि ती सूत्रसंचालन करणारी बाई. काय म्हणाली ते सांग तूच.

छोटू — जाऊ दे ना.

ताई — म्हणाली, आपल्या बहिणीला पुढे आणण्यासाठी स्वतःचं श्रेय हसत हसत देऊन टाकणारा असा भाऊ सगळ्यांना मिळो. हॉल उभा राहिला रे. तुझ्यासाठी.

छोटू — मी काय करू त्याला?

ताई — काही नको करूस. तू एकदा खोटं बोललास तर ट्रॉफी मिळाली. खरं बोललास तर आणखी एक मिळाली. तुझं नशीबच तसं आहे, माझा राग आता तुझ्यावर राहिलाच नाही. नशिबावर गेला.

भाची — आत्या, तू हसतेयस की रडतेयस?

ताई — समोर बघून चालव.

छोटू — तुझं वाजवणं मात्र... म्हणजे मला खरंच सांगायचंय...

ताई — सहा सूर खाल्ले मी. वेगाच्या जागी. अंगठा अडकला तो अडकलाच.

भाची — कोणाला कळलं नाही.

ताई — मला कळलं. ढोल्यालाही कळलं. त्याने लगेच ताल खाली आणला, नाहीतर मी तोंडघशी पडले असते. चष्मा घालून वाजवतो आता. सुधारलाय.

छोटू — आणि शेवटी काय केलंस ते? आधीच्यात नव्हतं ते. ते हळू हळू चढत गेलेलं.

ताई — जुन्या वाटेने बोटं पोचत नव्हती, म्हणून दुसरीकडून गेले.

छोटू — मला अगदी फ्लॉइड ऐकल्यासारखं वाटलं.

ताई — गाडी थांबव ग. मी चालत जाते.

भाची — आत्या, मलाही थोडंसं वाटलं.

ताई — या गाडीत माझं माणूस कोणी नाही. तुझी आई पण मागे राहिली.

भाची — ती मैत्रिणींबरोबर येतेय. तुझ्याशी बोलत होती ना बराच वेळ, खांबापाशी? बाबा लांबून बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

छोटू — तीन आठवडे ती माझ्याशी ब्रेड आणि वीज या दोनच विषयांवर बोलतेय. तुला काय म्हणाली?

ताई — म्हणाली, वन्सं, मग लग्न मी तुमच्याशीच करायला हवं होतं.

छोटू — आणि तू काय म्हणालीस?

ताई — म्हटलं, मी घोरते. मग ती हसली. मग थोडी रडली. म्हणाली, मी तुमच्यासमोर बसून तुम्हालाच ते सगळं ऐकवत होते, आणि तुम्ही ताटात बघत बसायच्या. मला एकदा अडवायचं तरी होतंत. मी काय सांगणार? म्हटलं, रविवारी जेवायला येते. दुसरं काहीतरी सांग तेव्हा.

छोटू — ती मला माफ करेल?

ताई — ते तिला विचार. ती वाजवण्यावर भाळली असेल, पण राहिली तुझ्याबरोबर. का राहिली हे मला कधी कळलं नाही, तिला माहीत असेल.

छोटू — आणि तू?

ताई — मी काय?

छोटू — त्या दोन पत्रांचं.

ताई — नाही. ते नाही रे. ते मी नाही सोडणार. बाकीचं हसण्यावारी नेलं, ते नाही जात. साचा बिघडला तर नवा करता येतो, पण तो माणूस तिथे दोन महिने कोणाची तरी वाट बघत होता, आणि मी इथे प्लास्टर कालवत होते. हे तुझ्या नावावर राहणार.

छोटू — राहू दे.

ताई — राहणारच आहे. तुझ्या परवानगीने नाही.

भाची — ढोल्याकाका काय म्हणत होते, आत्या, निघताना? तुझा नंबर घेतला त्यांनी.

ताई — ते होय. म्हणाला, तेव्हा कोणी वाजवलं होतं ते देव जाणे, मला चष्मा नव्हता. आज कोणी वाजवलं ते मी ऐकलं. दर मंगळवारी गॅरेजमध्ये जमतो आम्ही. या.

भाची — आणि तू?

ताई — म्हटलं, मंगळवारी कवळ्या पोचवायच्या असतात. तर म्हणाला, मग बुधवारी जमू.

छोटू — बुधवारी? म्हणजे सगळ्या बँडने दिवस बदलला? तुझ्यासाठी?

ताई — हो. फ्लॉइड वाजवायचं नाही अशी अट घातलीय मी.

छोटू — माझ्याबद्दल काही म्हणाला?

ताई — कोण?

छोटू — ढोल्या. मीही ‘विंचू’तलाच आहे ना, तसं बघायला गेलं तर.

ताई — नाही. तुझं काही निघालं नाही.

छोटू — बरं. बरोबरच आहे.

ताई — बुधवारी सहाला निघते मी. वेळेवर ये. ॲम्प जड आहे, आणि मला दोन जिने उतरायचे असतात.